डबेबहाद्दर

रविवारच्या सकाळी लोकल मळवलीला थांबली की माणसं कुठल्या कुळीची ते फलाटावरच कळतं. ज्यांच्या खांद्यावर टॉवेल आणि हातात स्पीकर, ते चुकून इथे उतरलेले असतात. त्यांना लोणावळ्याला उतरून भुशी धरणावर जायचं होतं. घोळका करून उभे राहणारे आणि उतरल्याउतरल्या ‘महाराज की’ म्हणणारे लोहगडाचे. नारळाची पिशवी आणि सोबत नवस बोललेलं पोर असेल तर कार्ल्याची एकवीरा. हे सगळे पांगल्यावर जो एकटा गृहस्थ फलाटाच्या टोकाला हात वर करून उभा राहतो, तो आमचा डबेबहाद्दर. हातात छोटं यंत्र. ‘उपग्रह मिळताहेत,’ असं ते स्वतःशी म्हणतात आणि नऊ मिळेपर्यंत जागचे हलत नाहीत.

डबेबहाद्दर जन्मतः असे नसतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गुणवत्ता तपासण्यात जातात, निवृत्तीनंतर तळेगावात बंगला होतो, आणि मग मुलगी बाळंतपणासाठी आईला कार्डिफला बोलावते. आईबरोबर वडील फुकट जातात. तिथे त्यांना कोणी काम सांगत नाही. जावई बिचारा त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून वेल्सच्या माळरानावर नेतो, आणि तिथे भर पावसात, मेंढ्यांच्या साक्षीने, एका दगडाखाली झाकणाचा डबा निघतो. आत वही, वहीत सह्या. झालं! माणूस कामातून जातो.

परत आल्यावर वर्षभर ऐकवतात. साउथ वेल्समधला सगळ्यात उंच डोंगर पेन-ई-फॅन, उंची 886 मीटर. ‘आपला लोहगड हजाराच्या वर, विसापूर त्याहून उंच, आणि इथे एक डबा नसावा?’ हा प्रश्न ते अशा सुरात विचारतात की ऐकणाऱ्याला आपणच तो उचलून नेला असं वाटावं.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि त्याचा इतिहास डबेबहाद्दरांना सत्यनारायणाच्या कथेसारखा पाठ असतो. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. त्या बादलीत इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या उसळीचा एक डबाही होता. त्याच्याही आधी, 1854 साली, इंग्लंडच्या डार्टमूरवर जेम्स पेरट या वाटाड्याने दलदलीत बाटली ठेवली होती. तिथवर पोचलेल्यांनी तीत आपली कार्डं टाकायची. कोट्यवधी डॉलरचे उपग्रह उसळीचा डबा शोधायला वापरायचे, ही कल्पना मला तरी मनापासून आवडते. पण डबेबहाद्दर ती सांगताना हसत नाहीत.

साधा डबा लपवून त्यांचं भागत नाही. यातला वरचा वर्ग कोड्याच्या डब्यांचा. त्यात नकाशावर दाखवलेली जागा मुद्दाम खोटी असते. कोडं सोडवलं तर खरी हाती लागते. डबेबहाद्दरांनी मावळात अशी मालिकाच रचली. भाजे लेण्यांजवळच्या स्तूपांची संख्या घ्या, तिला लोहगडाच्या दरवाजांनी गुणा, त्यातून कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब वजा करा. चौदा स्तूप, चार दरवाजे, सदतीस खांब. उत्तर एकोणीस. हे एकोणीस अक्षांशाच्या शेवटी लावायचे.

आता गोम अशी की कार्ल्याला दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब नजरेत भरतात. वर हत्ती, त्यांवर जोडपी. सगळे त्यांचेच फोटो काढतात. स्तूपामागे अर्धवर्तुळात उभे असलेले सात साधे अष्टकोनी खांब कोणी मोजत नाही. सात चुकले की उत्तर सव्वीस येतं, आणि अक्षांशाच्या मिनिटाचे सात हजारांश म्हणजे जमिनीवर तेरा मीटर. गडी तेरा मीटर उत्तरेला जातो. उत्तरेला घळ आहे.

‘म्हणजे पडणार तो,’ मी म्हटलं.

‘नीट मोजलं तर नाही पडणार,’ डबेबहाद्दर म्हणाले. गुणवत्ता विभागातून माणूस निवृत्त होतो, विभाग माणसातून होत नाही.

चेष्टा करावी तेवढी थोडी, पण एक मान्य करावं लागेल. एकवीरेच्या रांगेतली आणि लेण्यातल्या सेल्फीतली गर्दी बाजूला सारली तर स्तूपाच्या मागे जाऊन प्रत्येक खांबाला हात न लावता बोटाने मोजणारा हाच एक माणूस. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही नावं चढण्याच्या क्रमाने विचारा. ‘महाराज की’वाले हनुमानापर्यंत अडखळतात, हे झोपेत सांगतील. दगडावर डबा खिळायचा नाही, जमीन खणायची नाही, दोन डब्यांत 161 मीटर अंतर हवं, हे खेळाचे नियम ते सरकारी परिपत्रकासारखे पाळतात. जुलै 2025 मध्ये लोहगड जागतिक वारशात गेला तेव्हा त्यांना दुप्पट आनंद झाला. गडावर डबा ठेवायला आधीपासूनच मनाई आहे, आणि आता ती मनाई युनेस्कोच्या दर्जाची झाली.

म्हणून त्यांचे डबे गडाखाली, गावकीच्या वाटांवर. आणि तिथेच घोटाळा होतो. सुरतेच्या लुटीतली संपत्ती लोहगडावर ठेवली होती ही गोष्ट मावळात पोराटोरांना ठाऊक. अशा मुलखात एक टोपीवाला माणूस हातात मशीन घेऊन, पावलं मोजत, दगड उचलून खाली बघत फिरू लागला तर लोकांनी काय समजावं? गुप्तधनवाला! लोहगडवाडीतल्या पिठलं-भाकरीवाल्या मावशींनी त्यांना वाढतावाढता हळूच विचारलं, ‘दादा, अमावास्येलाच येता का एरवी पण?’ एकदा दोन पोरं दिवसभर मागावर होती. संध्याकाळी डबा उघडल्यावर आतून पेन्सिल, वही आणि एक प्लास्टिकचं बेडूक निघालं. पोरांच्या चेहऱ्यावर इतकी दया आली की एकाने आपल्याजवळची करवंदं दिली.

घरी वेगळाच हिशोब. हवाबंद, चार बाजूंनी खटके असलेले डबे मावळच्या पावसातही कोरडे राहतात, आणि तसे डबे काकूंच्या फडताळातच असतात. ‘अहो, भाजणीचा डबा कुठाय?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना एकदा अक्षांश-रेखांश मिळाले. काकूंनी ते सोडवायला नकार दिला.

मालिकेतला शेवटचा डबा गायमुख खिंडीच्या अलीकडे होता. काठिण्य पाच तारे, याहून वर खेळात काही नाही. दोन पावसाळे कोणाला तो सापडला नाही, आणि डबेबहाद्दर ही बातमी अभिमानाने सांगत. देखभालीला म्हणून ते मला घेऊन गेले तेव्हा दगडाखाली डबा नव्हता. यंत्र हलवून पाहिलं, कड्यांवरून संदेश परावर्तित होऊन जागा सरकते म्हणून वाट पाहिली, शेजारचे सगळे दगड झाले. वरच्या बांधावरून एक म्हातारबाबा बराच वेळ पाहत होते.

‘डबा हुडकताय व्हय? घरी हाय.’

पडवीत डबा घासून पालथा घातला होता. वही दोरीवर वाळत होती. बाबांनी आयुष्य मुंबईत डबे पोचवण्यात काढलेलं. 1890 मध्ये हा धंदा सुरू झाल्यापासून मावळातली कितीतरी घरं त्यावर उभी आहेत. त्यांनी रीतसर चौकशी सुरू केली.

‘कुनाचा डबा?’

‘माझा.’

‘कुनाला द्यायचा?’

‘कोणालाच नाही. लोकांनी शोधायचा.’

‘मंग झाकनावर खूण का न्हाई?’

डबेबहाद्दरांनी सगळं समजावलं. स्तूप, दरवाजे, खांब, उपग्रह. बाबांनी चहा येईपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हंजे पत्ता मुद्दाम खोटा द्यायचा?’ आणि आत जाऊन लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. झाकणावर त्यांनी ठसठशीत ‘म’ काढला, खाली आकडा, बाजूला आडवी रेघ. मळवली, खिंड, डावा हात. डबेबहाद्दर काही बोलायच्या आत रंग वाळलासुद्धा.

डबा आता पुन्हा जागेवर आहे. पण खिंडीत कोणी मशीन घेऊन घुटमळताना दिसला की बाबा बांधावरून हाळी देतात आणि न विचारता नेमका दगड दाखवतात. लांबून आलेला असेल तर नातवाला सोबत पाठवतात. गेल्या हिवाळ्यात वहीची पानं संपली. डबेबहाद्दरांना काठिण्य पाच ताऱ्यांवरून एकावर आणावं लागलं.