चौथं चाक गेलं कुठं?

अहो, ऐकलंत का? बी विंगमधली ती गाडी गेली! चोरीला नाही हो, तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर गेली. जरा भिंतीजवळ सरका ना. त्यांची खिडकी या वेळेला उघडी असते. नावं घ्यायची तर गरजच नाही, तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

ठिणगी पडली ती बारशाच्याही आधी. सूनबाई म्हणाली, बाबागाडी आत्ताच घेऊन ठेवू, सेल चाललाय. सासूबाईंनी डोळे वटारले. बाळ यायच्या आधी बाळाच्या वस्तू घरात? आमच्यात नाही चालत! मग बारसं झालं, सव्वा महिना सरला, आणि न्यू जर्सीहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. "वहिनी, तीनचाकीच घे हं. इथं सगळ्या तीच घेतात." झालं! त्या "सगळ्या" कोण ते कोणी विचारलं नाही. रात्रीत ऑर्डर गेली.

आणि सासऱ्यांचं ऐका. अॅमेझॉन म्हणा, फ्लिपकार्ट म्हणा, सगळ्यांची गोडाऊनं आपल्याच भिवंडी तालुक्यात ना! तर हे म्हणतात कसे, "माणकोलीला जाऊन आणली असती की मी! तिथंच पडली असणार." सून काही बोलली नाही, पण तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं ना…

तर काय सांगत होते? हां, खोका. खोका एवढा मोठा की कुरिअरवाला जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबला आणि म्हणाला, मॅडम, खालीच उघडा. मग काय, अख्खी सोसायटी गोळा. मी आपली कढीपत्ता तोडायला म्हणून गेले होते. गाडी बाहेर आली. मागे दोन मोठी चाकं, पुढे एकच. सासूबाई दोनदा प्रदक्षिणा घालून आल्या, खोक्यात वाकून पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चौथं चाक गेलं कुठं? एवढे पैसे घेतले आणि रिक्षा पाठवली होय?" सूनबाईचा चेहरा असा पडला! मला हसू आवरेना, पदर लावला तोंडाला.

तेवढ्यात आले आपले जॉबर काका. आयुष्य सगळं लूम दुरुस्त करण्यात गेलं, त्यांना चाक दिसलं की हात शिवशिवतो. त्यांनी गाडी उलटी केली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, चूक नाही यात. तिपाई कधी डुगडुगते का? तीन पाय कशाही जमिनीवर टेकतात. चार चाकांचं एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहतं, तीन चाकांचं राहत नाही." सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण काका पुढे म्हणाले, "मात्र ही मागे रुंद हवी. वळताना पुढच्या कोपऱ्याकडे कलते, तिथं चाकच नाही ना! फूटपाथवरून तिरकी उतरवायची नाही, सरळ उतरवायची." आता सूनबाईचं तोंड एवढंसं! काका दोन्ही बाजूंनी बोलतात हो, त्यांना कळतही नाही.

मग त्यांनी दाखवलं, पुढचं चाक गरगर फिरतं आणि त्याला एक खटका असतो. दुकानात, गुळगुळीत फरशीवर मोकळं ठेवायचं, म्हणजे एका हातानं वळते. पण खडबडीत रस्त्यावर किंवा भराभर चालताना खटका लावून सरळ करायचं, नाहीतर थरथरतं आणि गाडी तोंड फिरवते. आपल्याकडे गुळगुळीत असं आहेच काय! धामणकर नाक्यापासून मेट्रोचं काम चाललंय, तिकडे माणूस नीट चालेना.

टायरचं तर वेगळंच नाट्य. हवेचे टायर होते. सासरे म्हणाले, पंक्चर झालं तर? काकांनी व्हॉल्व्ह पाहिला आणि म्हणाले, हा स्कूटरसारखा आहे, साध्या सायकलचा नाही. म्हणजे साध्या सायकलच्या पंपाचं तोंड बसेलच असं नाही, पण कुठलाही स्कूटरचा पंक्चरवाला भरून देईल. हवेच्या टायरनं धक्के कमी बसतात, फोमच्या टायरला पंक्चरची भीती नाही. ज्याला जे जमेल ते घ्यावं. हे त्यांचं बोलणं मला पटलं.

एवढ्यात नणंदबाई पुन्हा फोनवर! तिला सगळं दाखवलं. ती म्हणते, ही गाडी मुळात पळण्यासाठी निघाली. अमेरिकेत एका वर्तमानपत्रातल्या माणसानं, फिल बेक्लर त्याचं नाव, 1980च्या दशकात बाबागाडीला सायकलची चाकं लावली, बाळाला घेऊन धावायला जाता यावं म्हणून. त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेला कुठं धावायचंय? धावते ती मोबाइलच्या मागं." हे बोलून झाल्यावर स्वतःच इकडेतिकडे पाहिलं, कोणी हसतंय का ते. हसलं हो कोणीतरी. मी नाही.

पण एक शहाणपणाचं नणंदेनं सांगितलं, ते लक्षात ठेवा. बाळाची मान धरेपर्यंत, साधारण सहा महिने तरी, गाडी पळवायची नाही. त्याआधी फक्त हळू चालवायची, आणि पाठ पूर्ण आडवी होते ना ते बघायचं. पट्टे पाच ठिकाणी हवेत, दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमध्ये. खोक्यावर युरोपातला 'ईएन 1888' हा आकडा असला तर उत्तम, तो बाबागाड्यांच्या सुरक्षिततेचा आहे म्हणे.

तिसऱ्या मजल्याचं मात्र कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! आपल्या बी विंगला लिफ्ट कुठं आहे? आणि अशा मोठ्या चाकांच्या गाड्या दहा किलोच्या आसपास भरतात, थोड्या वरही. एका काखेत बाळ, दुसऱ्या हातात गाडी, आणि जिना तो तसला. पहिल्या दिवशी नवऱ्यानं उचलली. दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला. सूनबाई खालीच उभी. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या मुलांनी पोहोचवली, आणि सासूबाई गॅलरीतून… तोंडानं एक शब्द नाही हो, नुसती मान हलवत होत्या. त्याचंच जास्त लागतं ना माणसाला!

मग म्हणे, खाली मीटरपाशी ठेवू. सेक्रेटरींनी दोन मिनिटांत नोटीस लावली: जिन्याखाली खाजगी वस्तू ठेवू नयेत. त्यांचं स्वतःचं जुनं टेबल तिथंच आहे, पण ते काही…

आणि रविवारची गंमत! दोघं बाळाला घेऊन कल्याणला निघाली, लोकल पकडायची होती. आपल्या भिवंडी रोड स्टेशनवरून वसई-दिवा गाड्या जातात, पण त्या किती थोड्या, म्हणून सगळे रिक्षानं कल्याण किंवा ठाणं गाठतात. शेअर रिक्षावाल्यानं गाडी पाहिली आणि म्हणाला, "तीन सीटचे पैसे द्या, मग बसवतो." दुमडली तरी चाकं बाहेर! सूनबाईनं सासऱ्यांना फोन केला, आणि सासऱ्यांनी तो स्पीकरवर टाकला होता. अख्ख्या जिन्यानं ऐकलं.

तेव्हा मला माझ्या भाच्यानं सांगितलेलं आठवलं. पूर्वी बाबागाड्या अशाच अवजड असायच्या. इंग्लंडात ओवेन मॅक्लारेन म्हणून एक विमानांचा इंजिनियर होता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला. मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून माहेरी आली, तिची ती जड गाडी पाहून बापाच्या जिवाला लागलं. मग त्यानं छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोच्याही आतली गाडी बनवली, 1965 साली पेटंट घेतलं. बघा, लेकीच्या माहेरपणातून निघालेली वस्तू! पण त्याच नावाच्या गाड्यांच्या बिजागरीत मुलांची बोटं सापडून जखमा झाल्या, म्हणून अमेरिकेत 2009 साली सुमारे दहा लाख गाड्यांच्या दुरुस्तीची वेळ आली. तेव्हा घडी करताना बाळ जवळ नको, एवढं पक्कं.

तर काय सांगत होते? सासूबाई. त्या माळ्यावरून काय घेऊन आल्या सांगा? मुलाच्या लहानपणीचा पांगुळगाडा! लाकडाचा, तीन चाकांचा. सगळ्यांना दाखवून म्हणतात, "आमचा मुलगा याच्यावर चालायला शिकला, तीन चाकं आम्हीही पाहिलीत." सूनबाई म्हणाली, "आई, मग त्याचं चौथं चाक कुठं आहे?" अहो, काय सांगू! स्वयंपाकघरात भांडी आपटायचा आवाज आमच्याकडे ऐकू आला. पण तेवढं मात्र खरं, पांगुळगाडा चांगलाच. मूल उभं राहून ढकलतं. तो गोल वॉकर, ज्यात मूल बसून पाय मारतं ना, तो आणू नका हं. जिन्यावरून पोरं पडायची, म्हणून कॅनडानं 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

आता खरी बातमी. तळमजल्यावरची ती नाही का, जिचा नवरा कामतघरला दुकानात जातो? त्यांच्याकडे दहा महिन्यांची मुलगी. रोज संध्याकाळी दोघी वऱ्हाळदेवी तलावाकडे फिरायला जातात. जिना नाही, रिक्षा नाही, दाराबाहेर पडलं की रस्ता. तिनं वरच्यांना विचारलं, "परतच करणार असाल तर आम्हालाच द्या." आणि घेतली! परवा पाहिलं, गाडी अशी चालली होती, एका हातानं, खड्ड्यावरून सुद्धा, आणि मुलगी आत गाढ झोपलेली. सासूबाई गॅलरीत होत्या. अहो, त्यांचा चेहरा! हातची गाडी गेली, आणि ती इतकी बरी निघाली… पण तोंडानं म्हणाल्या, "चांगली दिसते हो." एवढंच.

ती तळमजल्यावरची हुशार आहे पण. गाडीवर कापड टाकत नाही. आपण उन्हासाठी दुपटं टाकतो ना, त्यानं आत हवा कोंडते आणि उकडतं. ती नुसतं छत पुढे ओढते. आणि मोठ्या रस्त्यानं नेत नाही. तिनं कुठं वाचलं होतं, इंग्लंडच्या सरे विद्यापीठातल्यांनी 2018 मध्ये मांडलं की बाबागाडीतलं बाळ वाहनांच्या धुराड्याच्या उंचीवर बसतं, त्यामुळे त्याच्या नाकात मोठ्यांपेक्षा 60 टक्क्यांपर्यंत जास्त धूर जाऊ शकतो. आपल्याकडे ट्रेलर, कंटेनर, त्यात लूमचा तंतू. म्हणून ती आतल्या गल्लीनं जाते. शिवाय हँडलला भाजीची पिशवी लावत नाही. काकांनी तिच्यासमोर रिकाम्या गाडीला कांद्याची पिशवी अडकवून दाखवली, गाडी धाडकन मागे! बाळ आत असतं तर, विचार करा.

आणि वरच्यांनी काय घेतलं? छत्रीसारखी मिटणारी, चार चाकांची, हलकी. आता सासूबाई म्हणतात, "बघा, चार चाकंच बरी असं मी म्हणतच होते." कधी म्हणाल्या देव जाणे!

तुम्हाला सांगते कशाला, तर तुमच्या सूनबाईला सातवा लागलाय ना. तीन की चार, या वादात पडूच नका. रोज पायी फिरणं असेल, घर तळमजल्याला किंवा लिफ्टचं असेल, रस्ता खडबडीत असेल, तर तीनचाकी डोळे मिटून घ्या, पुढच्या चाकाला खटका आहे ना एवढं बघून. जिना चढायचा असेल, रिक्षा-लोकलचा प्रवास असेल, तर हलकी, एका हातानं मिटणारी घ्या. आणि पैसे भरायच्या आधी दुकानातच, एका काखेत पाच किलोचं तांदळाचं पोतं घेऊन दुसऱ्या हातानं गाडी उचलून पाहा. जमली तर घ्या, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करा. हे मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका हं, विशेषतः बी विंगमध्ये.