नऊ आकड्यांना अनावृत पत्र

श्री. सोशल सिक्युरिटी नंबर,
मुक्काम पोस्ट अमेरिका, ज्याच्या त्याच्या पाकिटात (काहींच्या नाही),
यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र अनावृत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्हाला चारचौघांत अनावृत करणं या देशात पाप समजतात, हे मी ह्यूस्टनला उतरले त्या आठवड्यातच शिकले. दाराला कुलूप लावायचं विसरलीस तरी चालेल, पण नंबर कुणाला सांगू नकोस, असं मला तिघांनी तीनदा बजावलं होतं. मी नोकरीच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तुम्ही पंधरवड्यात टपालाने घरपोच आलात. तीन आकडे, रेघ, दोन आकडे, रेघ, चार आकडे. माझ्या आजीच्या रेशनकार्डावरसुद्धा याहून जास्त मजकूर होता. पण रेशनकार्डावर फार तर साखर मिळायची. तुमच्यावर काय काय मिळतं, आणि तुम्ही नसलात की काय काय मिळत नाही, हे मला कळलं ते दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयात बारावीच्या मुलांचे फॉर्म भरायला बसू लागल्यावर.

फॉर्मचं नाव फॅफ्सा. केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत हवी असेल तर हाच भरायचा. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. नाव लिहीत नाही, हल्ली नाव आणि गाव विचारणारे फार झाले आहेत. अडीच वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून होंडुरासहून आली. कॅल्क्युलसमध्ये वर्गात पहिली. नर्सिंगला जायचं म्हणते. आपलं नाव, जन्मतारीख तिने भराभर टंकली आणि तुमच्या चौकोनापाशी थांबली. ‘मिस, इथे काय लिहू?’

मला उत्तर येत होतं. तरी मी उगाच चष्मा पुसत बसले.

घरी आल्यावर मी तुमचं चरित्र काढून वाचलं. महाराज, तुमची सुरुवात किती साधी! १९३६ साली तुमचा जन्म झाला तो म्हाताऱ्यांच्या पेन्शनची नोंद ठेवायला, बाकी काही नाही. १९४६ पासून तर कार्डावर स्पष्ट छापलेलं असे की हे ओळखीसाठी नाही. १९७२ मध्ये ती ओळ गुपचूप गेली. ओळखीसाठी नाही म्हणणाऱ्यालाच पुढे साऱ्या देशाने ओळख मानावं, हा योग आमच्याकडे फक्त काही पुढाऱ्यांच्या कुंडलीत सापडतो.

आणि ते पाकीट आठवतं का? १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या एका पाकीटवाल्याने नमुन्याचं कार्ड म्हणून आपल्या सेक्रेटरीबाईंचा खराखुरा नंबर छापला आणि प्रत्येक पाकिटात एकेक कार्ड सरकवलं. वूलवर्थच्या दुकानांतून पाकिटं खपली. लोकांना वाटलं, पाकिटाबरोबर नंबरही मिळाला! हळूहळू चाळीस हजारांवर लोकांनी तो आपलाच म्हणून सांगितला. सरकारने कुणाला गावाबाहेर काढलं नाही, बाईंना नवा नंबर दिला आणि विषय मिटवला. तेव्हा तुम्ही किती दिलदार होता!

आता तुमच्या नसण्याचा हिशेब बघू. गंमत अशी की बारावीपर्यंत तुमची कुणाला आठवणही येत नाही. टेक्ससमधल्याच टायलर गावाच्या शाळांनी कागद नसलेल्या मुलांकडून वर्षाला १००० डॉलर फी मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये, प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की आईबापांनी सीमा ओलांडली म्हणून पोराला शाळेबाहेर ठेवता येणार नाही. तेव्हापासून मूल शाळेच्या पिवळ्या बसमधून जातं, झेंड्याकडे बघून छातीवर हात ठेवतं, विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेतं. न्यायालय बारावीपर्यंतचंच बोललं होतं. त्यामुळे इथे बारावी झाली की लगेच तेरावं घालतात.

अर्थात या राज्याला एकेकाळी कळवळा आला होता, तेही सांगायला हवं. २००१ मध्ये टेक्ससने देशात सर्वांत आधी कायदा केला: इथे तीन वर्षं राहून इथलीच शाळा पुरी केली असेल तर फी इथल्याच मुलांएवढी, आणि राज्याची मदतही. सही करणारे गव्हर्नर रिक पेरी रिपब्लिकन. एकच अट होती. मुलाने प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की पात्र ठरताच मी कायम वास्तव्यासाठी अर्ज करीन. अशी प्रतिज्ञापत्रं मी डझनावारी भरून दिली. मुलं कोरून कोरून सही करायची. अर्ज करायची खिडकी कुठे आहे, हे मात्र त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, कारण त्यांच्यासाठी ती कुठे नाहीच. म्हणजे नोकरी निघाली की मी नक्की अर्ज करीन असं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं आणि जाहिरात कधीच काढायची नाही!

खिडकी उघडायचा प्रयत्न झाला होता. ड्रीम ॲक्ट २००१ पासून संसदेत येरझारा घालतोय; डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ मतं बाजूने पडली, पण हवी होती ६०. मग २०१२ मध्ये ओबामांनी डाका आणला, म्हणजे लहानपणी आणलेल्या मुलांची हकालपट्टी लांबणीवर टाकून कामाचा परवाना देणारी सवलत. (नाव डाका, पण लुटलं कुणालाच नाही, उलट अर्जाचे ४६५ डॉलर घेतले.) त्यातून तुम्ही कित्येकांना मिळालात, जरी फॅफ्साची मदत त्यांनाही नाहीच. अट अशी, की १५ जून २००७ पासून मूल अमेरिकेत हवं. ती तारीख अजून तीच आहे. माझ्यासमोर बसलेली मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. जन्माच्या आधीपासून इथे राहत नव्हती, एवढाच तिचा हलगर्जीपणा.

आणि मग आला ४ जून २०२५. केंद्र सरकारच्या न्यायखात्याने टेक्ससवर दावा ठोकला की २००१चा हा कायदा केंद्राच्या कायद्याविरुद्ध आहे. केंद्राचा १९९६चा कायदा म्हणतो की रहिवासाच्या आधारावर जी सवलत परराज्यातल्या नागरिकाला देत नाही, ती कागद नसलेल्यांनाही देऊ नका. कॅलिफोर्नियाने हे ओळखून आपल्या कायद्यात रहिवासाचं नावच काढलं नव्हतं, तिथल्या शाळेत तीन वर्षं शिकलात एवढंच विचारलं होतं. टेक्ससने भाबडेपणाने रहिवासी म्हटलं. पण खरी मौज पुढे आहे. ज्याच्यावर दावा झाला त्या राज्याने स्वतःच मान डोलावली, आणि त्याच दिवशी, काही तासांत, न्यायाधीशांनी हुकूम काढला. आमच्या गावी बांधाच्या वादाला तीन पिढ्या लागतात. इथे चोवीस वर्षांचा कायदा जेवणाच्या सुट्टीइतक्या वेळात गेला. त्याच महिन्यात केंटकी आणि मिनेसोटावरही दावे झाले.

आता त्या मुलीला फी परराज्यातल्या विद्यार्थ्याची. कुठे दुप्पट, कुठे तिपटीहून जास्त. पंधरा वर्षं ह्यूस्टनच्या उकाड्यात काढून ती परराज्यातली. नेमक्या कुठल्या राज्यातली, तेवढं तुम्हीच कळवावं.

बरं, तिच्या घरी नंबरच नाही असंही नाही. तुमच्या सावत्र भावाची ओळख विसरलात का? तोही नऊ आकडी, त्याच रेघा, फक्त सुरुवात कायम ९ ने. आयटिन म्हणतात त्याला, १९९६ चा जन्म. तिचे वडील छपरं शाकारतात आणि दर एप्रिलला याच भावाच्या नावाने कर भरतात. पावत्या जपून ठेवतात. मला त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणून दाखवल्या. पैसे घ्यायच्या खिडकीवर धाकटे, द्यायच्या खिडकीवर थोरले. अशी वाटणी मी फक्त एकत्र कुटुंबात पाहिली होती.

आमच्या मंडळींचंही सांगते, नाहीतर वाटेल बाई परक्यांचंच गाते. गणपतीच्या आरतीनंतर मी हा विषय काढला, तेव्हा एक काका मोदक बाजूला ठेवून म्हणाले, ‘आम्ही नियमाने आलो. रांगेत उभे राहिलो.’ खरं आहे. काका ग्रीन कार्डाच्या रांगेत चौदा वर्षं उभेच आहेत. त्यांची मुलगी चार वर्षांची असताना आली, आश्रित व्हिसावर. तिलाही तुम्ही नाही, फॅफ्सा नाही, आणि २१ पूर्ण झाली की तो व्हिसाही नाही. डाका तिच्या कामाचा नव्हताच, कारण त्यात १५ जून २०१२ या दिवशी कायदेशीर दर्जा नसणं आवश्यक होतं. नियम मोडला नाही म्हणून अपात्र! मी काकांना हे म्हटलं नाही. काकूंनी त्यांच्या ताटात आणखी एक मोदक वाढला आणि विषय उकडीच्या पिठाकडे वळवला.

जॉर्जियाबद्दल लिहिणार नव्हते, पण राहवत नाही. तिथे २०१० मध्ये नियमच झाला की ज्या सरकारी विद्यापीठांत जागांसाठी चुरस आहे तिथे कागद नसलेल्या मुलांना प्रवेशच नाही, पैसे मोजले तरी नाही. तेव्हा अथेन्स गावात काही प्राध्यापकांनी २०११ मध्ये फ्रीडम युनिव्हर्सिटी नावाने स्वतःच फुकट वर्ग सुरू केले. तिथल्या फॉर्मवर तुमचा चौकोन नसेल अशी माझी समजूत आहे.

तर महाराज, विनंती फार मोठी नाही. स्वतः यायला जमत नसेल तर निदान चौकोन तरी थोडा लहान करा. इतकी मोकळी जागा बघून मुलं घाबरतात.

कळावे, लोभ असावा.
आपली,
एक नंबरधारक

ता. क. फॉर्म तसाच सोडून आम्ही उठलो, तेव्हा मुलीचा धाकटा भाऊ शेजारी होता. वय अकरा, जन्म ह्यूस्टनचा, गणितात काठावर पास. ताई का रडते ते त्याने विचारलं. कळल्यावर म्हणाला, ‘माझा आहे ना. दोघं मिळून वापरू. सोमवार ते बुधवार तू.’ आणि पाठ असल्याच्या अभिमानाने त्याने मोठ्याने सुरुवात केली. आई धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत पाच आकडे बाहेर पडले होते.