कोपरे किती, ते छापा!

जर्मनीतल्या हत्यारांच्या कुठल्याही चांगल्या दुकानात जा आणि रिंग पाना मागा. पाना उत्तमच मिळेल. पोलाद चोख, क्रोमची झिलई एकसारखी, मापात खोट काढायला जागा नाही. आता आतले कोपरे मोजा. बारा भरतील. सहा कोपऱ्यांचा मागितलात, तर दुकानदार सॉकेटच्या कपाटाकडे बोट दाखवील. सॉकेट सहा कोनी हवी तेवढी आहेत. सुपरमार्केटातल्या आठवडी ऑफरचा सॉकेट सेटही बहुतेक वेळा सहा कोनीच असतो. रिंग पान्याला मात्र जवळपास सगळ्या युरोपने बारा कोपरे ठरवून टाकलेत आणि गिऱ्हाइकाला कुणी विचारलेलं नाही.

ही साध्यासुध्या कंपन्यांची गोष्ट नव्हे. श्टालविले 1862 पासूनची, वुपरटालची. हॅझेट 1868 पासूनची, शेजारच्या रेमशाइडची. गेडोरेही रेमशाइडचीच, डोविडाट बंधूंनी 1919 साली काढलेली. दीडदीडशे वर्षं पोलाद घडवणाऱ्या या गावांविषयी मला मनापासून आदर आहे. तक्रारही त्यांच्याकडेच करायची, कारण त्यांना जमणार नाही असं यात काहीच नाही.

बारा कोपऱ्यांचं समर्थन ठाऊक आहे. बारा कोनी पाना 30 अंश फिरला की पुढच्या खाचेत बसतो, सहा कोनीला 60 अंश लागतात. इंजिनाच्या कोपऱ्यात हात जेमतेम हलतो तिथे हा फरक मोठा आहे. शिवाय काही गाड्यांच्या ड्राइव्ह शाफ्टचे बोल्टच बारा कोनी डोक्याचे असतात. हे सगळं मान्य. पण आता 13 मिलिमीटरचा पाना लागणाऱ्या बोल्टचं डोकं डोळ्यांजवळ धरा. त्याची प्रत्येक बाजू साडेसात मिलिमीटर रुंद. सहा कोनी पान्यात या पूर्ण बाजूला समोर पोलादाची सपाट भिंत असते. बारा कोनी पान्यात मधल्या साडेतीन मिलिमीटरांसमोर खाच येते. आधार उरतो तो दोन्ही कोपऱ्यांशी दोन-दोन मिलिमीटरांचा, आणि जोर लावताना त्यातलाही एकाच कोपऱ्याचा कामाला येतो. बोल्टचा कोपरा जरा दबला, की सहा कोनी पान्याची भिंत त्याला मागून धरते. बारा कोनीत तिथे पोकळी असते. पाना सटकतो, नट गोल होतो, बोटांची सालं निघतात.

यावर कंपन्या सांगतात की आता आतल्या भिंतींना खास बाक दिला आहे, जोर कोपऱ्यावर न येता बाजूवर येतो, सबब कोपऱ्यांचा प्रश्न मिटला. बाकाचा फायदा होतो, नक्की होतो. पण प्रश्न मिटला असेल, तर हवेच्या दाबावर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनची सॉकेट जवळपास सगळी सहा कोनीच का बनवता? जिथे खरा दणका बसतो तिथे तुम्ही स्वतःच सहा कोपरे निवडता. आणि पान्याची ताकद जोखायची प्रमाणित चाचणी होते कशावर? कडक केलेल्या, रेखीव कोपऱ्यांच्या षटकोनी दांड्यावर. त्यातून पाना पास होतो. गंजलेल्या बोल्टची परीक्षा या चाचणीत नसते.

गंजलेला बोल्ट कुणाच्या वाट्याला येतो ते पाहा. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं आणि गाडीचा तळ खाऊन टाकतं. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी, आणि त्यात ब्रेकचा पाइप गंजलेला दिसला की गाडी परत. नवी गाडी चालवणाऱ्याला याची झळ नसते. पंधरा वर्षांची गाडी असलेला विद्यार्थी, बदलीवर आलेला तरुण नोकरदार, निवृत्त माणूस यांना गॅरेजची मजुरी परवडत नाही. ते तासावर लिफ्ट भाड्याने देणाऱ्या वर्कशॉपमध्ये शनिवारी जातात आणि आपल्याच हत्यारांनी काम करतात. ज्याला सहा कोपऱ्यांची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच खिशात पैसे कमी. नामांकित कंपनीचा 13 चा एकच पाना 10 ते 20 युरोंच्या घरात जातो. एवढे पैसे मोजून तोही बारा कोनी!

म्हणून पहिली गोष्ट: पंचवीस पान्यांचा सेट घेऊ नका. सेटमधले निम्मे पाने पाऊचमधून कधी बाहेरच येत नाहीत. युरोपातल्या गाडीला 10 आणि 13 लागतात, आणि त्यावर 16, 17, 18, 19. एम-10 बोल्टचं डोकं जुन्या जर्मन मानकात 17 चं, आयएसओत 16 चं. एम-12 चं 19 आणि 18. गाडी जुनी तसे 17 आणि 19 जास्त भेटतात. एवढी मापं सुटी घ्या.

स्वस्तातले सहा कोपरे कुठे मिळतात? सगळ्यात आधी बॉक्स पाना. स्कूटरच्या टूलकिटमध्ये प्लग काढायला असायचा तोच, पोकळ नळीचा, आडवी टॉमी घालून फिरवायचा. तो जर्मन मानकाप्रमाणेच सहा कोनी असतो आणि त्याच नामांकित कंपन्या तो बनवतात. दिसायला साधा, म्हणून शोकेसमध्ये नसतो. मागून घ्या. लांब स्टडवर बसलेला नट काढायला त्याच्याइतकं चांगलं स्वस्त हत्यार नाही, कारण स्टड नळीच्या आत शिरतो.

फ्रान्समध्ये आणखी चांगली सोय आहे. तिथे एल आकाराचा, दोन्ही टोकांना सॉकेटसारखं तोंड असलेला पाना मेकॅनिकच्या हातात सर्रास दिसतो. फाकॉम या फ्रेंच कंपनीच्या अशा पान्याला एका टोकाला सहा कोपरे असतात, दुसऱ्याला बारा. दोन्ही गरजा एकाच दांड्यावर! हे फ्रेंचांना सुचलं आणि रोजच्या वापरात रुळलं. जुन्या बाजारात हे पाने सुटे मिळतात. घेताना आतले कोपरे बोटाने चाचपा. धार गेलेला असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

ब्रेकच्या पाइपचा नट बहुधा 11 चा. त्याच्यातून पाइप जातो, त्यामुळे सॉकेट किंवा बंद रिंग चढतच नाही. फिक्स पाना तर दोनच बाजू धरतो. तिथे एका बाजूने कापलेला उघडा रिंग पाना लागतो, आणि त्यातही सहा कोनी मिळतो. या एका पान्यात काटकसर करू नका. हा नट गोल झाला की नवीन पाइप आलाच.

पुण्या-नाशकाहून जर्मनीत येणारे बॅगेत पाने आणतात. आणायला हरकत नाही. पण आपल्याकडेही रिंग पाना सर्रास मिळतो तो बारा कोनीच. आणायचा तर बॉक्स पान्यांचा संच आणा. अमेरिकेत सहा कोनी कॉम्बिनेशन पाने सहज मिळतात, पण तिथून मागवणं आता फायद्याचं राहिलेलं नाही. युरोपीय संघाने 22 युरोंपर्यंतची करमाफी 1 जुलै 2021 पासून काढून टाकली. पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो, जर्मनीत 19 टक्के. सीमाशुल्काचीही तयारी ठेवा, आणि पोलादाचं वजन असल्यामुळे टपालखर्च वेगळा.

तेव्हा रेमशाइड आणि वुपरटालकरांनो, वरची सहा मापं नेहमीच्या मालिकेत सहा कोनी काढा, सुटी विका, बारा कोनीच्याच भावात विका. पंच बदलावा लागेल, बाकी पोलाद तेच, भट्टी तीच. तोवर निदान पाकिटावर, मापाच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आत कोपरे किती आहेत ते छापा.