न उघडलेला बॉन्ड
१९६०च्या दशकात जेम्स बॉन्डचे चित्रपट तुफान चालत होते, तेव्हा कोलगेट-पामोलिव्हने ‘००७’ नावाचं आफ्टरशेव्ह बाजारात आणलं. (गुप्तहेराचा क्रमांक बाटलीवर ठळक छापायचा, ही गुप्तता वाखाणण्याजोगी!) त्या काळी ते गालाला चोपडायचं होतं, आज संग्राहक डोळ्यांत तेल घालून जपतात. सील शाबूत, खोकं कोरं, तर भाव चढा. म्हणजे ज्याने ते वापरलं त्याने नासाडी केली आणि ज्याने दाढीच केली नाही, तो दूरदर्शी ठरला. बरं, आत उरलंय काय? आफ्टरशेव्हमध्ये मुख्यतः अल्कोहोल. ते सैल बुचातून हळूहळू उडतं, आणि लिंबूवर्गीय वास असला तर तो लवकर विटतो.

कोणी म्हणेल, टपाल तिकिटं जमवणारा तरी कुठे पत्रं धाडतो? मान्य. पण तिकीट निदान टपाल खात्याचंच असतं. इयन फ्लेमिंगच्या कादंबरीतला बॉन्ड मात्र पिनो या फ्रेंच घराण्याचा शाम्पू वापरतो. पिनोचं नाव लावलेलं आफ्टरशेव्ह आजही साध्या दुकानभावात मिळतं, आणि ते चक्क उघडून लावता येतं.