पोवळ्याचं सोवळं

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. दिवे कुठले, क्लाऊनफिश किती, मागचा पडदा निळा की काळा, हे सगळं तूर्तास बाजूला ठेवा. पहिले दीड-दोन महिने तुम्ही नुसतं पाणी पाळणार आहात. आणि हे पाणी म्हणजे कडक सोवळ्यातली आजी: कशाला शिवलेलं चालत नाही, काय बिनसलं ते सांगत नाही, आणि तब्येत मात्र रोज विचारावी लागते.

कायद्याचं आधी उरकू. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. तेव्हा मालवणला स्नॉर्कलिंग करताना उचललेला ‘छोटासाच तुकडा’ टाकीत नको आणि शोकेसमध्येही नको. परदेशी प्रवाळ घ्यायचे तर विक्रेत्याकडे कागदपत्रं मागा. तो हसला तर दुकान बदला.

पहिली खरेदी टीडीएस मीटरची. पेनाएवढं यंत्र; पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. ते हातात आलं की माणूस नळ, माठ, शेजाऱ्यांचा माठ असं सगळीकडे बुडवत सुटतो. ती हौस फिटू द्या. बोअरवेलच्या पाण्याला पाचशेच्या वर आकडा आला तर गीझरची कॉइल पांढरी का पडते, याचा उलगडा होईल. मग ओट्यावरच्या आरओचं पाणी तपासा. पन्नास-साठ येईल, कारण चवीसाठी त्यातली बरीच यंत्रं थोडे क्षार परत मिसळतात. हे पाणी तुमच्या मुलांना चालतं. प्रवाळाला शून्य लागतं.

त्यासाठी वेगळा आरओ-डीआय संच घ्यायचा. पाणी आधी गाळ अडवणाऱ्या फिल्टरातून, मग क्लोरीन शोषणाऱ्या कार्बनमधून, मग मेम्ब्रेनमधून आणि शेवटी डीआय रेझिनमधून जातं. हा क्रम मोडू नका. क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोहोचलं तर मेम्ब्रेनचं आयुष्य तिथेच संपलं. संच सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी टाकून द्यायचं, त्यात क्षार जास्त असतात. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं, हे मात्र घरात आपणहून बोलू नका. ऐन मे महिन्यात सोसायटीच्या फलकावर ‘पाणी जपून वापरा’ लागलेलं असताना तर नकोच. ते पाणी बादल्यांत धरा, फरशी त्याने उत्तम निघते.

शुद्ध पाणी साठवायला प्लॅस्टिकचं, खाण्याचे पदार्थ ठेवण्याजोगं पिंप घ्या. देवासाठी तांब्याची कळशी सर्वांत पवित्र, पण इथे नेमकी तीच बाद. तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांच्या जिवावर उठतो.

या टप्प्यावर कुणीतरी काका म्हणतीलच, “समुद्र इथे हाकेवर असताना मीठ कसलं विकत घेता?” काकांना चहा द्या. मुंबईच्या किनाऱ्याला शहराचं सांडपाणी मिळतं आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो. मीठ विकतचंच घ्यायचं, तेही रीफसाठीचं, स्वयंपाकाचं नव्हे. असं मीठ पिशवीत भरता येतं यामागे जुनं संशोधन आहे. चॅलेंजर जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेले पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ सारखंच भरलं. दर लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार धरा. मीठ ओलं असतं, म्हणून थोडं वरच पडतं. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर चुना खाली बसतो आणि पिंपात ताक दिसतं. पंप लावून ढवळा, मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने 35 मोजा. मोजण्याआधी ते 35 च्याच प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या.

इतक्या सोवळ्याने केलेलं पाणी टाकीत भरलंत? आता बाजारातून एक कच्ची कोळंबी आणा, त्यात टाका आणि सडू द्या. घरचे काय म्हणतील ते ऐकून घ्या. सडण्यातून अमोनिया वाढतो, तो खाणारे जीवाणू वाढतात, अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट. चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईस्तोवर टाकीत कुणालाही सोडायचं नाही. पाहुणे विचारतील, “मासे कुठायत?” सांगा, “येतायत.”

पुढे प्रवाळ आले की खऱ्या चाचण्या. कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास, क्षारता 8 डीकेएच धरून चला. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबी पाण्यात थेंब थेंब द्रावण सोडायचं, ते निळं झालं की थांबायचं. गुलाबी आणि निळं यांच्यामध्ये जांभळं नावाचा एक प्रदेश आहे. तिथे अनेक संसार अडकलेत. बाटली खिडकीशी, पांढऱ्या कागदासमोर धरा आणि मत एकाच माणसाचं घ्या. क्षारता सात आहे की नऊ, यापेक्षा ती रोज सारखी राहते का, हे बघा. कमी भरली म्हणून क्षारतेचं द्रावण एकदम ओतू नका आणि कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी, त्याच जागी तर मुळीच नाही. दोन्ही मिळून टाकीत बर्फ पडतो.

पीएच संध्याकाळी उतरलेला दिसला तर हॉलमध्ये कोण बसलंय ते मोजा. एसीसाठी खिडक्या बंद, आठ माणसं श्वास सोडतायत, तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो. पाहुणे घालवता येत नसतील तर खिडकी उघडा.

राहिला गणपतीत गावी जाण्याचा प्रश्न. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. म्हणून पातळी उतरली की भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची. शेजारच्या काकूंना हे नीट समजावा. त्या “हो” म्हणतील. तरी समुद्रातल्या माशांना गोडं पाणी घालणं त्यांच्या जिवाला पटणार नाही, म्हणून निघण्यापूर्वी खाऱ्या पाण्याचा कॅन बेडरूममध्ये ठेवून दाराला कुलूप लावा.