ठोसा आभासी, हाड खरं

जखमांच्या बाबतीत माझं बालपण चांगलं सुखवस्तू होतं. भुवईवर विटीची खूण, गुडघ्यावर डबा ऐसपैसची, हनुवटीखाली सूरपारंब्या खेळताना ऐन वेळी दगा दिलेल्या पारंबीची. कऱ्हाडात आमच्या गल्लीत कुणाला लागलं की पहिला उपचार पोरंच करायची. कुंपणाकडेचा दगडीपाला ओरबाडायचा, तळहातावर चुरडायचा आणि रस जखमेवर पिळायचा. तो असा काही झोंबायचा की मूळ दुखणं विसरायला व्हायचं. मग घरी आधी धपाटा, नंतर हळद, आणि गंजका पत्रा लागला असेल तर धनुर्वाताची सुई. खपली धरली की ती शाळेत मिरवायची. ज्याची खपली मोठी, त्याला मधल्या सुट्टीत मान.

हे सगळं मी ठाण्याला ताईकडे गेलो की भाच्याला ऐकवतो. तो 12 वर्षांचा आहे आणि त्याच्या गुडघ्यांवर ओरखडासुद्धा नाही. त्याच्या सोसायटीत मोकळी म्हणावी एवढी सगळी जागा गाड्यांना दिलेली आहे आणि उरलेल्या भिंतीवर ‘येथे चेंडू खेळू नये’ असं रंगवलेलं आहे. म्हणून हा घरात बसून खेळतो. लागतं त्यालाही, नाही असं नाही. मान आखडते, अंगठा दुखतो, यंदा चष्मा लागला. पण यातलं एकही दुखणं मधल्या सुट्टीत दाखवण्याजोगं नाही. आमच्या वेळी विटीने डोळा जाण्याची धास्ती असायची. (डोळा जाण्यापेक्षा नंबर लागलेला बरा, असं ताई म्हणते. मी अशा वेळी चहा मागतो.)

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे व्हीआर हेडसेट आला होता. “यात कसला आलाय खेळ, नुसतं बसायचं,” असं मी म्हणालो. “मामा, यात बसत नाहीत, बॉक्सिंग आहे,” तो म्हणाला आणि ते धूड माझ्या डोळ्यांवर चढवलं. दोन्ही हातांत दोन कंट्रोलर दिले आणि सांगितलं, “आधी जमिनीवर स्वतःभोवती रेघ आखून घ्या. तिच्या जवळ गेलात की लाल जाळी दिसेल. दिसली की मागे या.”

मी आट्यापाट्या खेळलेला माणूस. रेघ म्हणजे काय, हे मला हा सांगणार! आट्यापाट्यांत पाटी अडवून उभा असलेल्याला हुलकावणी देऊन पार होण्यातच सगळी मर्दुमकी असते. तेव्हा समोर लाल जाळी उमटल्यावर मागे येण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही. मी डावीकडे झुकल्यासारखं केलं, उजवीकडून सुटलो, जाळी पार केली आणि पलीकडच्या पहिलवानाच्या नाकावर सगळं वजन घालून ठोसा मारला.

नाक लोखंडी निघालं. ताईच्या बेडरूममधलं कपाट होतं ते.

हेडसेटमधलं चित्र बाहेरच्या टीव्हीवर दिसत असल्यामुळे हा सामना सगळं घर बघत होतं. त्यांना पडद्यावर पहिलवान निवांत उभा दिसला आणि आतून कपाटाचा आवाज आला.

रात्री हात टम्म सुजला. दगडीपाला ठाण्यात कुठे मिळतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे बर्फ लावला आणि डाव्या हाताने मोबाईलवर माझ्यासारखे आणखी कोणी आहेत का ते शोधत बसलो. निघाले! ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’सारख्या भारदस्त वैद्यकीय नियतकालिकात 1981 सालीच ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळून मनगट दुखल्याचं पत्र छापून आलंय. 1990 मध्ये निन्टेंडोची बटणं दाबून अंगठा धरल्याचं. आणि 2007 मध्ये 29 वर्षांच्या एका निवासी डॉक्टरचा किस्सा, जो दिवाणखान्यात निन्टेंडोच्याच ‘वी’ या व्हिडिओ गेमवर तासन्तास टेनिस खेळला आणि सकाळी खांदा धरून उठला. त्याला आठवडाभर गोळ्या आणि ‘वी’पासून पूर्ण विश्रांती, असं लिहून दिलं होतं. म्हणजे भाच्याची पिढी बिघडली असं जे मी सांगत फिरतो, ती बिघडायला माझ्या लहानपणीच सुरुवात झाली होती. फक्त कऱ्हाडात बातमी पोचली नव्हती.

सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. भाचा सोबत आला, साक्षीदार म्हणून. काउंटरवरच्या मुलीने केसपेपर ओढला.

“कसं लागलं?”

“खेळताना.” हे सांगताना माझी छाती थोडी पुढे आली असावी.

“अरे वा, या वयात! कुठल्या मैदानावर?”

“बेडरूममध्ये,” भाचा म्हणाला. तिने पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. शेजारी बाथरूममध्ये घसरलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या थोड्या सरकून बसल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. करंगळीच्या मुळाशी, तळहातातलं हाड मोडलं होतं. “याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात,” ते म्हणाले.

मी भाच्याकडे बघितलं. विटी-दांडूच्या जखमेलासुद्धा असं नाव मिळालं नव्हतं! पण डॉक्टर सज्जन आणि त्यामुळे बोलके होते. “नावावर जाऊ नका. मुरलेल्या बॉक्सरांना हे फारसं होत नाही, त्यांचा ठोसा सरळ बसतो. रागाच्या भरात भिंतीवर हात आपटणाऱ्यांना होतं.”

करंगळी शेजारच्या बोटाबरोबर प्लास्टरमध्ये गेली. 3-4 आठवडे हात हलवायचा नाही, असं सांगून डॉक्टरांनी भाच्याकडे मोहरा वळवला. “घरात मुलं असली की जपावं लागतं. मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायचं, काय?”

“मी सांगितलं होतं,” भाचा म्हणाला. “मामांनी ऐकलं नाही.”