पन्नाशी उलटली आन् पावती फाटली

"काकू, ऐकलंत का? आमच्या ह्यांची पावती फाटली की ओ!"

"कुठं गं?"

"तुळजापूर रोडला. मंगळवार म्हणून देवीला निघाले होते. डोक्यावर हेल्मेट, गाडीची पीयूसी, इन्शुरन्स, सगळं जागेवर. साहेबानं लायसन मागितलं तर ह्यांनी ऐटीत काढून दिलं. मुदत संपून तीन आठवडे झालेले! पाच हजार!"

"अगं बाई! लायसनच नसणाऱ्यालाही तेवढाच दंड की."

"तेच तर हे म्हणायलेत. वीस वर्षं गाडी चालवली, ती तीन आठवड्यांत विसरलो का? मुदत संपली तरी महिनाभर चालतं म्हणे. कोर्टात भांडणार."

"ते जुनं झालं गं. तीस दिवसांची सवलत होती खरी, पण 2019 ला कायदा बदलला तवा ती गेली. आता मुदत संपायच्या आधी वर्षभर आन् संपल्यावर वर्षभर कधीही रिन्यू करता येतं, ट्रायल द्यावी लागत नाही. पण नवं होईस्तोवर गाडीला हात लावायचा नाही."

"तुम्हाला कसं ओ ठाऊक एवढं?"

"आमचा धाकटा भाऊ भांडून जिंकला ना! त्याचं निराळं होतं. लायसन लॉकडाऊनात संपलेलं. 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेले कागद सरकारनं 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत चालू धरले होते आन् चलन त्याच्या आतलं. पत्रक जोडून तक्रार केली, झालं रद्द. तुमच्या ह्यांच्याकडं रागाशिवाय काय आहे दाखवायला?"

"म्हंजे गप भरायचं?"

"आधी चलनावरचा गाडी नंबर, तारीख नीट बघा. चुकलं असंल तर खुशाल भांडा, महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. मात्र भांडायचं असंल तर आधी पैसे भरू नका, भरले की प्रकरण मिटलं."

"आन् लोकअदालत?"

"तिथं तडजोड होते. 'माझं चुकलंच नाही' हे ऐकायला तिथं कोण बसतंय? त्यापरीस आधी रिन्यू करा. उद्या कुणाला धडकले तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देईल आन् मग तुमच्याकडून वसूल करू शकते, ते पाच हजारांत भागायचं नाही."

"डॉक्टरचा दाखला पण लागतो म्हणे."

"चाळिशी उलटली की लागतोच."

"परवा डाळीत खडा दिसला नाही ह्यांना, सरळ चावला! डॉक्टर काय लिहितोय देव जाणे."

"लिहील गं. आता साठीपर्यंतचं मिळंल."

"मिळंस्तोवर लेकीच्या मागं बसून जायलेत. रस्ताभर 'ब्रेक दाब, ब्रेक दाब'!"

"तिचं पक्कं आहे ना लायसन?"

"हो तर! ह्यांनीच नेऊन काढलं. तिच्या फॉर्मवरच्या तारखा मात्र चष्मा लावून तीनदा तपासल्या होत्या."